राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा : स्थळाची निवड आणि स्पर्धेची पद्धती

(क्रीडा कार्यकर्ते, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भारताची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा १९५५ साली भरली. ती मुंबईत, दिल्लीत किंवा कलकत्त्यात भरली नाही. ती भरली आंध्रमधील एलुरू या जिल्ह्याच्या गावी. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना १९५१ मधील, म्हणजे त्या वेळी महासंघाला अवघी चार वर्षे झाली होती. स्पर्धेच्या अखेरीस अजिंक्यपद एकाकडे गेले नाही. डी. वेंकय्या आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे हे दोघे संयुक्त विजेते ठरले.

पहिल्याच स्पर्धेत अशा रीतीने दोन प्रश्न देशापुढे उभे राहिले. राष्ट्रीय स्पर्धा कोठे भरवावी, हा एक. आणि ती कोणत्या पद्धतीने खेळवावी, म्हणजे विजेता निःसंशय ठरेल, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न अद्यापि संपलेले नाहीत. एखाद्या जिल्ह्याला राष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपद हवे असते, तेव्हा बहुधा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात होते. सभागृह पाहिले जाते, स्वागत समिती नेमली जाते, व्यासपीठाची लांबी-रुंदी ठरते. पद्धतीचा विचार तांत्रिक म्हणून पंचांवर सोपवला जातो. वस्तुतः क्रम उलटा हवा. स्पर्धा कोणत्या पद्धतीने खेळवायची हे ठरल्याशिवाय किती पट लागतील, किती दिवस लागतील, किती खाटा लागतील, यांपैकी कशाचेही उत्तर देता येत नाही. स्थळ आणि पद्धती या दोन स्वतंत्र बाबी नाहीत. एकच निर्णय आहे आणि त्याचा आरंभ पद्धतीपासून होतो.

तीन पद्धती

बुद्धिबळाच्या स्पर्धा मुख्यतः तीन पद्धतींनी खेळल्या जातात. पहिली साखळी पद्धत. हिच्यात प्रत्येक खेळाडू उरलेल्या सर्वांशी खेळतो. चौदा खेळाडू असतील तर तेरा फेऱ्या आणि एकूण ९१ डाव होतात. एका वेळी फक्त सात पट मांडावे लागतात. न्यायाच्या दृष्टीने हिच्यासारखी पद्धत नाही. कोणाला सोपे प्रतिस्पर्धी मिळाले आणि कोणाला अवघड, अशी तक्रार येथे संभवत नाही. अगदी सूक्ष्म पाहिले तर थोडी विषमता राहतेच. फेऱ्या तेरा असल्यामुळे सात खेळाडूंना सात वेळा पांढरी मोहरी मिळतात आणि उरलेल्या सातांना सहा वेळा. परंतु एवढा फरक चालतो. अडचण संख्येची आहे. खेळाडू वाढले की डाव वाढतात, आणि ते अशा वेगाने वाढतात की काही वेळात पद्धतच अशक्य होते. दोनशे खेळाडूंची साखळी स्पर्धा घ्यायची म्हटले, तर १९,९०० डाव आणि रोज एक फेरी धरून १९९ दिवस लागतील. सहा महिने घरदार सोडून राहणारा खेळाडू मिळणार नाही आणि त्याला पोसणारा यजमानही मिळणार नाही.

दुसरी बाद पद्धत. ती कबड्डी-खोखोच्या मैदानावर सर्वांच्या परिचयाची आहे. हरला तो घरी गेला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोव्यात झालेली बुद्धिबळाची विश्वचषक स्पर्धा याच पद्धतीची होती. २०६ खेळाडूंनी सुरुवात झाली आणि आठ फेऱ्यांत उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव हा एकटा उरला. प्रेक्षकांना ही पद्धत आवडते, कारण प्रत्येक फेरीत कोणाचे तरी भवितव्य ठरते. परंतु यजमानाच्या दृष्टीने ती विचित्र आहे. पहिल्या दिवशी निवासाच्या सर्व खोल्या भरलेल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच इमारतीत मूठभर माणसे. खेळाडूच्या दृष्टीने तर ती कठोरच म्हणावी लागेल. आसाममधून किंवा केरळमधून दोन-दोन दिवस रेल्वेने प्रवास करून आलेला मुलगा एका चुकीच्या चालीने पहिल्याच फेरीत बाद होऊन परत जावा, हे राष्ट्रीय स्पर्धेच्या हेतूशी सुसंगत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत विजेता शोधायचा असतोच, पण शिवाय देशभरच्या खेळाडूंना एकमेकांशी झुंजण्याची संधीही द्यायची असते.

तिसरी स्विस पद्धत. १८९५ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे ती प्रथम वापरली गेली, म्हणून हे नाव. हिच्यात कोणी बाद होत नाही आणि सर्वांना सर्वांशी खेळावेही लागत नाही. प्रत्येक फेरीत समान गुण असलेले खेळाडू एकमेकांसमोर बसवले जातात, एकच जोडी पुन्हा जमवली जात नाही आणि पांढरी-काळी मोहरी शक्यतो आलटून पालटून दिली जातात. जिंकणारे वर सरकतात, त्यांची गाठ जिंकणाऱ्यांशीच पडते. हरणारे खाली आपल्या तोडीचे प्रतिस्पर्धी शोधतात. दोनशे खेळाडू अकरा फेऱ्यांत खेळून बारा-तेरा दिवसांत मोकळे होतात. शालेय स्पर्धांपासून ऑलिंपियाडपर्यंत हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे, याचे कारण हेच.

तिचे दोषही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. सुरुवातीस एखादा डाव हरलेला बलवान खेळाडू मधल्या फेऱ्यांत दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवर गुण मिळवत शेवटी वर येतो. उलट पहिल्या दिवसापासून आघाडीवर असलेल्याला रोज कठीण सामना द्यावा लागतो. दोघांचे गुण अखेर समान झाले तर ते समान मोलाचे नसतात. त्यासाठी प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज करून क्रम लावण्याची बुखोल्ट्झ नावाची रीत आहे. रीत योग्य आहे. परंतु तिच्यातील एक अंश खेळाडूच्या हातात नसतो. पाचव्या फेरीत ज्याला हरवले तो पुढे आजारी पडून स्पर्धा सोडून गेला, तर आपले गणित बिघडते. देशाचा अजिंक्यवीर अशा गणिताने ठरावा का, हा प्रश्न गंभीर आहे.

दोन पायऱ्यांची व्यवस्था

या पेचातून आपल्या देशाने दीर्घकाळ जो मार्ग काढला तो विचारपूर्वक काढलेला होता. स्पर्धेचे दोन भाग करण्यात आले. ‘राष्ट्रीय ब’ स्पर्धा मोठी आणि स्विस पद्धतीची. राज्याराज्यांतून आलेले खेळाडू तेथे उतरत. तिच्यातील वरचे काही खेळाडू आणि आधीचे निवडक नामवंत मिळून ‘राष्ट्रीय अ’ स्पर्धा होई, ती साखळी पद्धतीची. पुढे या दोन पायऱ्यांना ‘चॅलेंजर्स’ आणि ‘प्रीमियर’ अशी नावे मिळाली. दार सर्वांना उघडे, परंतु अंतिम निवाडा साखळीच्या काट्यावर, असा हा समन्वय होता. मॅन्युएल ॲरन यांची नऊ आणि प्रवीण ठिपसे यांची सात राष्ट्रीय विजेतेपदे आजही आदराने सांगितली जातात. विश्वनाथन आनंद १९८६ साली वयाच्या सोळाव्या वर्षी राष्ट्रीय विजेता झाला आणि पुढील दोन वर्षेही त्याने हा मान राखला. ग्रँडमास्टर हा किताब त्याला १९८८ मध्ये, म्हणजे त्यानंतर मिळाला. जगाला नाव कळण्याआधी देशाला कळावे, ही राष्ट्रीय स्पर्धेकडून रास्त अपेक्षा असते.

या व्यवस्थेची किंमतही होती. दोन स्पर्धा म्हणजे दोन यजमान, दोनदा प्रवास, दोनदा रजा. तालुक्याच्या गावच्या एखाद्या प्राथमिक शिक्षकाचा विचार केला म्हणजे हे स्पष्ट होते. जिल्हा निवड, राज्य निवड, त्यानंतर ‘ब’ स्पर्धेचे पंधरवडाभर दिवस आणि तेथे यश आलेच तर ‘अ’ स्पर्धेच्या तेरा किंवा अधिक फेऱ्या. प्रवास धरून वर्षाकाठी दीड-दोन महिन्यांची गैरहजेरी होते. बँका, रेल्वे आणि सार्वजनिक उपक्रम यांनी बुद्धिबळपटूंना नोकऱ्या व सवलती दिल्या, म्हणून अनेकांना हे परवडले. ज्यांच्या पाठीशी असा आधार नव्हता त्यांच्यापैकी कितीजण पहिल्याच पायरीवर थांबले असतील, त्याची नोंद कोठेही नाही.

अलीकडे ही पद्धत बदलली आहे. २०१८ ची स्पर्धा जम्मू येथे झाली. २०१९ साली सिक्कीममधील माजितर येथे राष्ट्रीय विजेता स्विस पद्धतीच्या एकाच मोठ्या स्पर्धेतून निवडण्यात आला. तमिळनाडूचा अरविंद चिदंबरम या दोन्ही वर्षी विजयी झाला, हा एक मनोज्ञ योगायोग. पुढे कानपूर (२०२२), पुणे (२०२३), गुरुग्राम (२०२४) आणि गुंटूर (२०२५) अशी ही स्पर्धा फिरत राहिली. एका स्पर्धेत सर्व आटोपल्यामुळे वेळ व खर्च वाचला, नवोदितांना थेट ग्रँडमास्टरांसमोर बसता आले. परंतु साखळीतील तो काटेकोर निवाडा गेला, हेही खरे. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकल्यावर असे दिसते की देशात ग्रँडमास्टर मोजके होते तेव्हा दोन पायऱ्या उचित होत्या. आज त्यांची संख्या ऐंशीच्या वर गेली असताना चौदा जणांची यादी कोणत्या कसोटीवर करायची, यावरच वाद माजतील. मोठ्या स्विस स्पर्धेकडे झालेला कल म्हणून स्वाभाविक आहे. मात्र फेऱ्यांची संख्या कमी करून ती उरकण्याचा मोह आवरला पाहिजे.

दार कोणाला उघडे

पद्धतीच्या प्रश्नात कोणाला खेळू द्यायचे हाही प्रश्न येतो, आणि या बाबतीत महाराष्ट्रातील एका मुलीचे नाव अग्रभागी आहे. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली बंगलोर येथे झाली आणि मुंबईच्या वासंती खाडिलकर विजयी झाल्या. पुढे त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी यांनीही हा मान मिळवला. १९७६ साली अवघ्या तेरा वर्षांच्या रोहिणीने महिलांचे विजेतेपद तर जिंकलेच, शिवाय पुरुषांची म्हणून चालत आलेल्या राष्ट्रीय स्पर्धेतही भाग घेतला. त्याला विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेले. अखेर आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे ‘फिडे’चे, तत्कालीन अध्यक्ष व माजी जगज्जेते डॉ. मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतून स्त्रियांना वगळता येणार नाही. आज खुल्या गटात मुली सहज नाव नोंदवतात. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हा तिच्या मागे ही एक जुनी लढाई उभी होती.

यजमानाच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ असा की, निवासाची व्यवस्था आखताना मुली आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या माता यांचा विचार पहिल्या दिवसापासून व्हावा. वसतिगृहातील एक मोठी खोली आणि ओळीने टाकलेल्या पंचवीस गाद्या, ही जुनी कल्पना आता उपयोगाची नाही. स्पर्धकांत शाळकरी मुले मोठ्या प्रमाणात असतात आणि प्रत्येकामागे एक पालक येतो. दोनशे स्पर्धक म्हणजे चारशे माणसे, हा हिशेब गृहीत धरावा.

मॉस्कोचा धडा

पद्धत आणि स्थळ यांची सांगड न घातल्यास काय घडते, याचे सर्वांत ठळक उदाहरण बुद्धिबळाच्या पंढरीतच, म्हणजे मॉस्कोत घडले. १९८४ च्या सप्टेंबरमध्ये अनातोली कार्पोव आणि गॅरी कास्पारोव यांच्यातील जगज्जेतेपदाचा सामना सुरू झाला. नियम असा की, जो प्रथम सहा डाव जिंकेल तो विजेता. बरोबरीत सुटलेले डाव धरायचे नाहीत आणि एकूण डावांना मर्यादा नाही. स्थळ निवडले होते स्तंभांच्या सभागृहासारखे मॉस्कोतील अत्यंत प्रतिष्ठेचे. परंतु चाळीस डाव बरोबरीत सुटले. आठवडे गेले, महिने गेले. असले सभागृह एका सामन्यासाठी अनिश्चित काळ अडवून ठेवता येईना. अखेर सामना एका हॉटेलात हलवावा लागला. पाच महिन्यांनी, ४८ डावांनंतर, १९८५ च्या फेब्रुवारीत निकालाविना तो बंद करण्यात आला. पुढचा सामना चोवीस डावांच्या मर्यादेने घेतला गेला. शेवटचा दिवस कोणता हे ज्या स्पर्धेत आधी सांगता येत नाही, तिच्यासाठी सभागृह ठरवताच येत नाही, एवढी साधी गोष्ट जगातील सर्वांत अनुभवी संयोजकांच्या नजरेतून सुटली.

आपल्याकडेही पूर्वी याच जातीची एक अडचण होती. डाव ठरावीक वेळेत संपला नाही तर तो तहकूब होई. ज्याची पाळी असेल तो आपली चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करी आणि पंच ते पाकीट जपून ठेवत. मग तहकूब डावांसाठी निराळे दिवस राखावे लागत आणि संयोजक कायम टांगणीला. संगणक आले आणि रात्रभर संगणकाचा सल्ला घेऊन सकाळी डावाला बसणे शक्य झाले, तेव्हा ही रीत मागे पडली. आता बहुधा पहिल्या चाळीस चालींना दीड तास, पुढे अर्धा तास आणि प्रत्येक चालीस तीस सेकंदांची भर, असे घड्याळ लावले जाते. डाव चार-पाच तास चालतो आणि त्याच बैठकीत संपतो. परंतु येथेच एक नवा मोह निर्माण झाला आहे. दिवसातून दोन फेऱ्या घेऊन स्पर्धा आठवड्यात गुंडाळावी, असे संयोजकांना वाटते. दोन फेऱ्या म्हणजे दहा तास पटासमोर. संध्याकाळच्या डावात निर्णय बुद्धी करत नाही, थकवा करतो. शालेय स्पर्धेत, जेथे घड्याळ आखूड असते, तेथे हे चालेल. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत एक-दोन दिवसांपलीकडे त्याला परवानगी असू नये.

सभागृह कसे असावे

पद्धत ठरली, पटांची संख्या ठरली, म्हणजे जागा शोधायची. शंभर पट लागणार असतील तर जिल्ह्याच्या गावी तेवढी मोठी वास्तू बहुधा तीनच ठिकाणी सापडते : महाविद्यालयाचे सभागृह, क्रीडा संकुल किंवा मंगल कार्यालय. तिन्हींत गुणदोष आहेत. क्रीडा संकुलाचे छत उंच व पत्र्याचे असते. उन्हाळ्यात ते तापते आणि पावसाळ्यात त्यावर सरींचा आवाज असा होतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. मंगल कार्यालयात पाणी, स्वयंपाक, स्वच्छतागृहे यांची सोय उत्तम. परंतु शेजारी दुसरे मंगल कार्यालय आहे का आणि स्पर्धेच्या दिवसांत तिथीनुसार किती मुहूर्त आहेत, हे पाहिल्यावाचून ते घेऊ नये. वरातीचा बँड आणि अखेरच्या मिनिटातील हत्तीचा डाव यांचे जमत नाही.

शांतता ही बुद्धिबळातील चैन नाही. रेक्याविक येथे १९७२ साली बॉबी फिशर चित्रीकरणाच्या यंत्रांच्या आवाजाविरुद्ध तक्रार करत राहिला. स्पास्कीविरुद्धचा तिसरा डाव अखेर मुख्य रंगमंच सोडून मागच्या एका लहान खोलीत खेळवावा लागला. फिशरने तो जिंकला आणि सामन्याचे पारडे तेथून फिरले. फिशरचा हट्ट टोकाचा होता असे म्हणता येईल. पण आवाजाने एकाग्रता भंगते ही तक्रार खोटी नव्हती.

फर्निचरकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. शाळेतील बाके या खेळाला योग्य नाहीत. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार टेबल सुमारे ११० सेंटिमीटर लांब, ८५ रुंद आणि ७४ उंच असावे. पटाचा चौकोन पाच ते सहा सेंटिमीटरचा आणि राजा साडेनऊ सेंटिमीटर उंचीचा. यांत लाडाचे काही नाही. पट, घड्याळ, डाव लिहिण्याचा कागद आणि दोघांचे कोपर एवढे त्यावर मावले पाहिजे. दोन टेबले चिकटवून मांडली तर शेजाऱ्याचा डाव आपल्या डोळ्यांत शिरतो आणि पंचाला मधून जाता येत नाही. उजेड वरून आणि सारखा पडावा, मोहऱ्यांची सावली पटावर लांबू नये. पंखे असावेत, परंतु त्यांनी कागद उडता कामा नयेत. वीज गेली तर दोन मिनिटांत जनित्र चालू होईल अशी तजवीज हवी, कारण इलेक्ट्रॉनिक घड्याळे बॅटरीवर चालत राहतात आणि अंधारात खेळाडूचा वेळ जातो.

आता एक नवीन दक्षताही आवश्यक झाली आहे. खिशातील भ्रमणध्वनीत जगज्जेत्यालाही हरवील असा संगणक सामावला आहे. त्यामुळे खेळाची जागा, पाणी पिण्याची जागा आणि स्वच्छतागृह ही सर्व एकाच बंदिस्त, देखरेखीखालील क्षेत्रात असणे इष्ट ठरते. स्वच्छतागृह आवाराच्या दुसऱ्या टोकाला असलेले सभागृह, मग ते कितीही भव्य असो, आज राष्ट्रीय स्पर्धेसाठी अयोग्य समजावे. पालकांना बसण्यासाठी बाहेर सावली आणि आतील डाव दाखवणारा एखादा पडदा असला, तर ते दाराशी गर्दी करीत नाहीत.

लहान गाव की मोठे शहर

महानगरात सभागृहे आहेत, विमानतळ आहे, वृत्तपत्रे आहेत. तरीही राष्ट्रीय स्पर्धा वारंवार लहान शहरांकडे वळल्या, हे लक्षणीय आहे. जळगाव (२०१३), कोट्टायम (२०१४) आणि तमिळनाडूतील तिरुवारूर (२०१५) ही लागोपाठची तीन स्थळे पाहिली म्हणजे हे ध्यानात येते. मोठ्या शहरात स्पर्धा हरवते. पटासमोरच्या खेळाडूला रोज दोन तास वाहतुकीत काढावे लागतात. लहान शहरात निवास, भोजन आणि सभागृह पायी अंतरावर ठेवता येते आणि गावाला आपल्याकडे देशाची स्पर्धा चालू आहे याची जाणीव असते. सांगलीचे उदाहरण महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब पडसलगीकर यांनी वर्षानुवर्षे स्पर्धा भरवून त्या शहराला बुद्धिबळाच्या नकाशावर नेऊन बसवले. तेथील बळ कार्यकर्त्यांच्या सातत्यात होते.

लहान गावाची मर्यादाही सांगितली पाहिजे. दूरच्या राज्यांतून थेट रेल्वेगाडी थांबते असे स्थानक तासाभराच्या आत नसेल, तर अर्ज करू नये. चांगले रुग्णालय जवळ नसेल तरीही करू नये. जेवणात भात, पोळी, शाकाहार, मांसाहार या सर्वांची तरतूद हवी; पंजाबचा खेळाडू आणि बंगालचा खेळाडू आठ दिवस एकाच भाजीवर राहिला तर त्याचा परिणाम गुणफलकावर दिसतो.

शासनाचे साहाय्य किती निर्णायक ठरू शकते, हे २०२२ च्या ऑलिंपियाडने दाखवले. रशियात व्हावयाची ती स्पर्धा युक्रेनवरील आक्रमणामुळे तेथून काढून घेण्यात आली आणि मार्चमध्ये चेन्नईला देण्यात आली. जुलैच्या अखेरीस मामल्लपुरम येथे ती सुरूही झाली. दीडशेहून अधिक देशांचे संघ, आणि हाती चार-साडेचार महिने. तमिळनाडू शासनाने ते काम आपले मानले म्हणून हे घडले. जिल्ह्याच्या पातळीवर एवढा खर्च अभिप्रेत नाही. जिल्हा परिषदेने सभागृह, नगरपालिकेने पाणी व स्वच्छता, वीज मंडळींनी अखंड पुरवठा, आरोग्य विभागाने एक वैद्यकीय पथक आणि पोलिसांनी ध्वनिक्षेपकांवर लक्ष, एवढे दिले तरी यजमान संस्थेचा निम्मा भार हलका होतो.

तारखा आणि नियमपत्रिका

तारखांच्या बाबतीत दोन दिशांनी ओढाताण असते. आघाडीचे खेळाडू परदेशी स्पर्धांच्या वेळापत्रकाने बांधलेले असतात. ती जुळली नाही तर ते येत नाहीत आणि त्यांच्याविना मिळालेले अजिंक्यपद थोडे उणे वाटते. दुसरीकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, दिवाळीत रेल्वेगाड्यांत जागा नाही, मे महिन्यात उष्मा, जूननंतर पाऊस. राहता राहिले डिसेंबर आणि जानेवारी. त्या वेळी शाळांची स्नेहसंमेलने सभागृहे अडवतात. तेव्हा सभागृहाची नोंदणी अर्जाच्या आधी व्हावी, आणि शेवटच्या फेरीनंतरचा एक दिवसही त्यात धरावा.

तो जादा दिवस बरोबरीसाठी हवा असतो. दोघांचे गुण समान झाले तर प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांवरून क्रम लावायचा, की दोघांना पुन्हा पटावर बसवून आखूड वेळेचे डाव खेळवायचे, की संयुक्त विजेते जाहीर करायचे, हे तिन्ही मार्ग वेगवेगळ्या स्पर्धांत वापरले गेले आहेत. अजिंक्यपदासाठी पुन्हा पटावर बसवणे अधिक समाधानकारक. खालच्या क्रमांकांसाठी गणित पुरते. परंतु कोणता मार्ग घ्यायचा हे पहिल्या फेरीपूर्वी छापील नियमपत्रिकेत असले पाहिजे, आणि बक्षिसाच्या रकमेची वाटणी कशी होणार हेही त्याच पानावर. ही पत्रिका हिंदी, इंग्रजी आणि यजमान राज्याच्या भाषेत काढावी. नावनोंदणीच्या टेबलावर ती प्रत्येकाच्या हाती द्यावी, आणि तिची एक प्रत सभागृहाच्या दाराशी, उभे राहून वाचता येईल अशा उंचीवर लावावी.